एकच चाक पुन्हा पुन्हा तापतंय? ब्रेक पॅड बदलण्याआधी थर्मल कॅमेऱ्यातून हे बघा

तक्रार अशी होती. अंबाजोगाईहून परळीला रोज नोकरीला जाणारे एक सर, त्यांची दहा-अकरा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक. पुढचं डावं चाक तापतं, करपल्यासारखा वास येतो, ॲव्हरेज उतरलंय आणि डाव्या चाकाचे पॅड सात-आठ हजार किलोमीटरमध्ये संपतात. उजवे पॅड तोवर अर्धेही झिजलेले नसतात. दीड वर्षात तीनदा सेट बदलला, एकदा दुसऱ्या गॅरेजात आणि दोनदा माझ्याकडं. सेट दोन्ही चाकांचा येतो, त्यामुळं उजवीकडचे चांगले पॅडही दर वेळी काढून टाकावे लागले. मी दर वेळी कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) पिना काढून घासल्या, ग्रीस लावलं, चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं. मोकळं फिरायचं. गाडी द्यायचो. आणि काही आठवड्यांनी फोन, "मिस्तरी, परत वास यायलाय बगा."

पिनांवर संशय जाण्याला आपल्या भागात कारण आहे. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरी रस्त्यावर येते. ती ओली असताना कॅलिपरच्या सांध्यांत शिरते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. पिनेवरचं रबरी बूट एकदा फाटलं की आत गंज धरतो, कॅलिपर सरकत नाही, पॅड डिस्कला धरून राहतो. दहापैकी सहा-सात गाड्यांत हेच निघतं. त्यामुळं हात आपोआप पिनांकडंच जातो.

पण एक खूण पहिल्याच वेळी समोर होती आणि मी ती वाचली नाही. पिना किंवा पिस्टन (तेलाच्या दाबानं पॅड पुढं ढकलणारा दट्ट्या) अडकला असेल तर आतला आणि बाहेरचा पॅड सहसा सारखा झिजत नाही. एक पातळ, दुसरा जाड असा निघतो. सरांच्या गाडीचे डाव्या बाजूचे दोन्ही पॅड एकसारखे संपलेले होते. म्हणजे कॅलिपर सरकत होता, पिस्टनही काम करत होता, फक्त ब्रेक सोडल्यावर दाब उतरत नव्हता. पॅड काढले की फेकून देण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून जाडी बघायची, हे मी आता पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

दुसरी अडचण अशी की गॅरेजात गाडी येते तेव्हा ती थंड झालेली असते. दोष गरम असताना दिसतो आणि अर्ध्या तासात लपतो. तो जिथं होतो तिथंच पकडायला पाहिजे होता.

आमच्याकडं थर्मल म्हटलं की परळीचं वीजकेंद्र. थर्मल कॅमेरा मी पहिल्यांदा मेहुण्याच्या हातात बघितला. तो कारखान्यांच्या विजेच्या पॅनेलची तपासणी करतो. कुठला जोड ढिला आहे ते कॅमेऱ्यात तापलेला ठिपका दिसून कळतं, पॅनेल बंद करावं लागत नाही. त्याचा मोबाइलला लावायचा छोटा कॅमेरा मी काही दिवसांसाठी मागून आणला. कॅमेरा उजेड बघत नाही. वस्तूच्या पृष्ठभागातून निघणारी उष्णता बघतो, साधारण 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीची. आणि फक्त पृष्ठभागाची. टायरच्या आत किंवा मागच्या ब्रेकच्या ड्रमच्या आत काय चाललंय ते त्याला थेट दिसत नाही.

पहिल्या दिवशी मिळालेले आकडे सगळे टाकून द्यावे लागले. त्यातून जे शिकलो ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक इथंच फसतात.

चकचकीत धातू कॅमेऱ्याला खोटं सांगतो. रबर, माती, गंज, काळा रंग या गोष्टी आपली उष्णता जवळपास पूर्ण बाहेर टाकतात, त्यांचं उत्सर्जन गुणांक 0.95 च्या आसपास असतं. घासून चकाकलेल्या डिस्कचं त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. बाकी जे दिसतं ते समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब. अलॉय व्हीलवर तर मला माझ्याच अंगाची ऊब दिसत होती, मी सरकलो की "गरम" डागही सरकायचा. उपाय सोपा निघाला. सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा काळा रंग घ्यायचा आणि डिस्कच्या मधल्या टोपीवर, म्हणजे पॅड घासतात तो पट्टा सोडून आतल्या भागावर, रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका मारायचा. दोन्ही बाजूंना, एकाच जागी. घासणाऱ्या पट्ट्यावर रंगाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. कॅमेऱ्यात गुणांक 0.95 ठेवायचा आणि फक्त त्या ठिपक्यावरचा आकडा वाचायचा. काळी चिकटपट्टी लावू नका, ती वितळते.

कॅमेऱ्याचे रंगही फसवतात. तो चौकटीतल्या सगळ्यात गरम जागेला पांढरा-पिवळा आणि सगळ्यात थंड जागेला निळा रंग देतो, मग दोघांतला फरक तीन अंशांचा असो की तीनशेचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं एक चाक लाल दिसलं म्हणून माझा पोरगा घाबरला होता. फरक होता अडीच अंश. सेटिंगमध्ये जाऊन तापमानाचा पट्टा पक्का करून टाका, उदाहरणार्थ 30 ते 200 अंश, म्हणजे डावी-उजवीकडचे फोटो एकमेकांशी ताडता येतात.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये दुपारी मराठवाड्यात उन्हाकडच्या बाजूचं टायर सावलीतल्यापेक्षा नुसतं उभ्या-उभ्या बरंच जास्त तापलेलं असतं. तपासणी पहाटे करा, नाहीतर दिवस मावळल्यावर. मी पहाटेची वेळ धरली.

कॅमेरा नसेल तर दीड-दोन हजारांत मिळणारी इन्फ्रारेड गनही निम्मं काम करते. कोरोनात घेतलेली कपाळाची गन मात्र चालत नाही, ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. गनचा लाल लेझर म्हणजे मोजायची जागा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. गनवर 12:1 लिहिलं असेल तर बारा इंचांवरून ती एक इंचाचा गोल मोजते आणि एक मीटरवरून आठ सेंटिमीटरचा. त्या गोलात डिस्क, रिम आणि टायर सगळं आलं तर आकडा कशाचाच नसतो. जवळ जाऊन मोजा.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सर आणि मी निघालो. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. वाटेवरचा घाट रोजच्यासारखा उतरायचा. खाली सपाटीला लागल्यावर तीन-चार किलोमीटर ब्रेकला शक्यतो पाय लावायचा नाही आणि थांबताना गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. याचं कारण असं. माणसांसकट 1200 किलोची गाडी ताशी 80 वरून थांबवली तर सुमारे तीन लाख ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे एक लिटर पाणी उकळीला येईल एवढी. ती जाते डिस्क आणि ड्रममध्ये, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या डिस्कवर. जोरात ब्रेक मारून लगेच मोजलं तर चांगल्या गाडीच्याही डिस्क तापलेल्याच दिसणार. धरून राहिलेला ब्रेक पकडायचा असेल तर ब्रेक न मारता गाडी पळवावी लागते. मोकळी डिस्क वाऱ्यानं निवत जाते, धरलेली निवत नाही.

रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. चाकाला दगड लावला, हँडब्रेक ओढला नाही. आकडे असे आले: पुढचं उजवं 71, पुढचं डावं 184. मागचे दोन्ही ड्रम पन्नाशीच्या आसपास, दोघांत तीन अंशांचा फरक. डाव्या डिस्कच्या चकाकत्या पट्ट्यावर तोच कॅमेरा 97 दाखवत होता, ठिपक्यापासून चार बोटांवर. रंग मारला नसता तर मी "उजवीपेक्षा थोडं जास्त आहे, चालतंय" म्हणून घरी आलो असतो.

सरांनी स्क्रीन बघितली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "याच गाडीत मी लेकरं घेऊन फिरतोय."

त्यांची काळजी खरी होती. ब्रेक ऑइलला उकळबिंदू असतो. डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान 205 अंश आणि पाणी शोषलेलं असताना 140. डॉट 4 चं 230 आणि 155. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं, त्यामुळं दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आपल्याकडं ते फक्त कमी झालं की वर घालतात. डिस्क 184 वर असताना कॅलिपरमधलं तेल तेवढं तापलेलं नसतं, पण धरलेल्या ब्रेकनं लांब घाट उतरला तर उष्णता पिस्टनमधून आत जात राहते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला जातं. ब्रेक लागत नाही.

चाक कुठलं ते कळलं. आता का, ते कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी एक पाना लागतो आणि गाडी गरम असतानाच तपासावं लागतं.

तिथंच डावं चाक जॅकवर घेतलं. हातानं फिरवलं तर दोन्ही हातांनी जोर लावून अर्धा फेरा. मग कॅलिपरच्या ब्लीडिंग निपलला (हवा काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावली आणि निपल पाव फेरा सैल केलं. तेलाची चिळकांडी नळीत उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे पॅडलवर पाय नसतानाही आत दाब अडकून होता. निपल सैल करूनही चाक जाम राहिलं असतं तर दोष यांत्रिक: पिना, पिस्टनचा गंज किंवा ब्रॅकेटमध्ये अडकलेला पॅड. ही एक चाचणी मी पहिल्या वेळी गरम गाडीवर केली असती तर सरांचे दोन सेट वाचले असते.

अडकलेला दाब दोन ठिकाणांहून येऊ शकतो, वरून मास्टर सिलेंडरमधून (पॅडल दाबलं की तेलाला दाब देणारा भाग) किंवा खाली त्या चाकाच्या रबरी होजमधून, म्हणजे कॅलिपरपर्यंत तेल नेणाऱ्या नळीतून. मास्टर सिलेंडर दाब सोडत नसेल तर सहसा एकटं चाक तापत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या जोडलेल्या असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र, त्यामुळं तिरक्या जोडीतली दोन्ही चाकं तापलेली दिसतात, नाहीतर चारही. इथं मागचं उजवं ड्रम थंड होतं. तरी खात्री करायची म्हणून निपल बंद करून पॅडल दोन-तीनदा दाबून सोडलं, चाक पुन्हा जाम झालं, आणि या वेळी होज आणि लोखंडी पाइपचा जोड सैल केला. चाक जामच राहिलं. निपलला सुटतं आणि जोडाला सुटत नाही, म्हणजे अडथळा दोघांच्या मधे, होजमध्ये. जोड पुन्हा घट्ट करून लाइनमधली हवा काढली, पॅडल कडक लागल्याची खात्री केली आणि मगच हळूहळू गॅरेजला परतलो.

होज बाहेरून धडधाकट होता. तडा नाही, फुगवटा नाही, गळती नाही. गॅरेजात आणून ब्लेडनं उभा चिरला. आतलं रबर सुजून एका जागी जिभेसारखं सुटलं होतं आणि मधलं भोक सुईएवढं उरलं होतं. पॅडल दाबलं की जोरामुळं तेल त्या जिभेला बाजूला सारून पुढं जायचं. पाय काढला की परत येणाऱ्या तेलाला तेवढा जोर नसतो, जीभ भोकावर बसायची आणि दाब तिथंच राहायचा. रबर तापलं की ते आणखी सुजतं, म्हणून घाटात त्रास जास्त आणि गॅरेजात काहीच नाही.

ते रबर आतून का सुटलं? एक तर वय, होज कंपनीचाच होता, दहा वर्षांचा. दुसरं कारण मला पटतं आणि ते लिहिणं गरजेचं वाटतं. पॅड बदलताना कॅलिपरचे बोल्ट काढले की बहुतेक गॅरेजांत तो तसाच होजवर लोंबकळत सोडतात. माझ्याकडंही सोडायचे. तीन-चार किलोंचं लोखंड त्या रबरावर ताण देत राहतं, पिळही बसतो. बाहेरून काही दिसत नाही, आतला थर दुखावतो. त्या गाडीचे पॅड दीड वर्षात तीनदा बदलले गेले, म्हणजे तीनदा तो होज ताणला गेला. आता माझ्याकडं जाड तारेचे दोन आकडे आहेत. कॅलिपर सुटला की आधी स्प्रिंगला टांगायचा, मग पॅडला हात लावायचा. तुम्ही गाडी घेऊन गॅरेजात उभे असाल तर मिस्त्रीला एवढं सांगा. त्यात कुणाचा अपमान नाही.

इतर ठिकाणी काय दिसतं ते थोडक्यात. मागचं एकच ड्रम तापत असेल तर आधी हँडब्रेकची केबल बघा, ती आवरणात गंजून परत येत नाही. डिस्क थंड पण हबचा मधला भाग गरम असेल आणि वेगाबरोबर वाढणारा घूंऽ असा आवाज असेल तर बेअरिंग. पिना साफ केल्यावर साधं बेअरिंगचं ग्रीस लावू नका, त्यानं रबरी बूट फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं. किती फरकाला घाबरायचं याचा माझा हिशेब असा: डाव्या-उजव्यात दहा-पंधरा अंशांचा फरक सोडून द्यायचा, तीस-चाळीसचा असेल तर त्याच आठवड्यात उघडून बघायचं, आणि एक बाजू दुसरीच्या दुप्पट दिसली तर गाडी पुढं न्यायची नाही. रेल्वेतही गाडी स्टेशनात आली की डब्यांच्या ॲक्सल बॉक्सचं तापमान अशाच गननं तपासतात, कारण बेअरिंग बिघडलं की तो बॉक्स इतरांपेक्षा जास्त तापतो.

कॅमेरा हातात होता तेवढ्यात टायरही बघितले आणि तिथं मला जास्त काळजी वाटली. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून जालना आणि संभाजीनगरच्या बाजूनं लोक तासन् तास ताशी 120 च्या मर्यादेला गाडी लावून जातात. आपल्या जुन्या रस्त्यांवर खड्ड्यांमुळं वेग मधेच तुटायचा, टायरला श्वास मिळायचा. तिथं मिळत नाही. लोक म्हणतात सिमेंटच्या रस्त्यानं टायर फुटतात. माझ्याकडं येणाऱ्या टायरवरून मला तरी कमी हवा, जास्त वजन आणि जुनं रबर हीच कारणं दिसतात.

टायर रस्त्याला टेकतो तिथं चपटा होतो आणि पुढं गेल्यावर पुन्हा गोल होतो. हे वाकणं-सरळ होणं सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं आणि त्यातून उष्णता निघते. हवा कमी असेल तर वाकणं जास्त, उष्णता जास्त. कॅमेऱ्यात ते असं दिसतं: टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडा आणि बाजूची भिंत गरम, मधला भाग त्यापेक्षा थंड. हवा जास्त असेल तर मधला पट्टा गरम. फक्त आतली कड गरम असेल तर अलाइनमेंट गेली आहे. एका पर्यटकांच्या गाडीच्या मागच्या टायरच्या कडा मधल्या भागापेक्षा अठरा अंशांनी गरम निघाल्या. डोळ्याला टायर बरा दिसत होता, रेडियल थोडा फुगीर दिसतोच. थंड झाल्यावर हवा मोजली, 33 पीएसआय पाहिजे तिथं 23. खिळा नव्हता, व्हॉल्व्हची पिन गळत होती. बदलायला दोन मिनिटं लागली.

टायरवर एकाच जागी गरम ठिपका दिसला तर मात्र हवेचा संबंध नाही. आतले तारांचे थर सुटायला लागले की त्या जागी घर्षण होतं आणि तेवढाच भाग तापतो. गाडी अर्धा फेरा पुढं ढकलून टायरचा खालचा भागही बघा. असा ठिपका, त्यातून तिथं हाताला उंचवटा लागला, तर तो टायर त्याच दिवशी काढा. स्टेपनी लावून घरी जा.

टायरची वरची कातडी फार लवकर निवते. थांबल्यावर पहिल्या दोन मिनिटांत चारही चाकं मोजून घ्या, नेहमी एकाच क्रमानं. आकडा खाचेच्या तळाशी वाचा, ती जागा वरच्या ठोकळ्यांपेक्षा उशिरा निवते. आणि गरम टायरमधली हवा कधीही कमी करू नका. थंड असताना 32 पीएसआय भरलेला टायर तीस अंशांनी तापला की आपोआप 36-37 दाखवतो, ते बरोबरच आहे. तिथं हवा सोडली तर सकाळी तो 27-28 वर येतो आणि पुढच्या प्रवासात जास्त तापतो. नायट्रोजनवर लोक पैसे घालतात, घालू देत, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी हवा मोजण्याची सवय जास्त उपयोगाची. टायरच्या भिंतीवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडेही वाचा, त्यातून टायर कधी बनला ते कळतं: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

चाकातून धूर दिसला तर गाडी कडेला घ्या, पण पाचट किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. निपल आणि चाक दोन्हीपासून हात लांब ठेवा, तापलेलं लोखंड लाल होईपर्यंत डोळ्याला थंडच दिसतं.

सरांच्या गाडीचे पुढचे दोन्ही होज बदलले. एक सुजला होता, दुसराही तेवढाच जुना. जुनं तेल काढलं, ते चहासारखं तपकिरी झालं होतं, नवं डॉट 4 भरून चारही चाकांची हवा काढली. डाव्या डिस्कवर तापल्याचे निळसर डाग होते म्हणून तीही जोडीनं बदलली. तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच घाट, तीच सपाटी, तोच थांबा: उजवं 69, डावं 72.

त्याला आता अकरा हजार किलोमीटर झाले. मागच्या आठवड्यात चाकं काढून चारही पॅड शेजारी मांडले. जाडीत नखाएवढाही फरक नव्हता.